ड्रमातलं डाळिंब

सोनईत जमीन म्हटली की ऊस. मुळा उजव्या कालव्याचं पाणी आलं, साखर कारखाना उभा राहिला आणि बांध अरुंद होत गेले. बांधावरची बोरं, सीताफळं गेली. परसातली उघडी मोरीही गेली आणि तिच्या सांडपाण्यावर वाढणारं घरचं डाळिंब गेलं. ते डाळिंब कधी विकलं जात नसे. तापातून उठलेल्या माणसाला, दिवस राहिलेल्या सुनेला त्याचे दाणे मिळत. मला ते झाड परत हवं होतं, म्हणून स्लॅबच्या गच्चीवर, अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रमात ते लावलं.

जात भगवा, शेजारच्याच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने २००३ साली प्रसारित केलेली. रोप साध्या गुटी कलमाचं. हेच शेतात लावलं असतं तर डोक्याच्या वर गेलं असतं. इथे मुळांना जागा मिळते तेवढीच फांद्या उंची घेतात; झाडाचं ठेंगणेपण खालून, अंधारातून ठरतं. आमची काळी माती मात्र ड्रमात चालत नाही. ओली असताना ती पाणी धरून बसते, वाळली की भेगाळते आणि कोवळी मुळं तुटतात. त्यामुळे पोयटा, वाळू आणि चांगलं मुरलेलं शेणखत. तळाला भोकं, त्यावर खापरांचे तुकडे.

खरी कसोटी आंबे बहाराची. झाडाला एकदम फुलं यावीत म्हणून डिसेंबरात पाणी तोडायचं. भारी जमिनीत बाग ताणावर जायला दीड महिनाही लागतो. ड्रमात एवढा ताण दिला तर झाडच हातचं जाईल. त्या दिवसांत कारखान्याचं गाळप जोरात असतं, मळीचा वास गच्चीपर्यंत येतो, पानांवर काजळी बसते. खाली शनिशिंगणापूरकडे जाणाऱ्या गाड्या आणि उसाचे ट्रॅक्टर. मी मात्र पानांकडे बघत असतो. ती पिवळी पडतात, गळू लागतात. पाण्याची बादली शेजारी असून हात आवरणं मला फार जड जातं. आम्ही कालव्याच्या आवर्तनावर वाढलेली माणसं. पाणी आलं की घ्यायचं, एवढंच अंगवळणी पडलेलं. तहान मोजून द्यायला मला या झाडाने लावलं.

मग हलकी छाटणी, खत आणि पहिलं पाणी. थोड्याच दिवसांत काड्यांवर तांबूस पालवी, आणि तिच्यामागून कळ्या. बुडाशी निमुळत्या असलेल्या नर कळ्या गळून जातात, फुगीर बुडाच्या कळ्यांना फळ धरतं. मधमाश्या येतात. उसाच्या एवढ्या हिरव्या पट्ट्यातून त्या या एका झाडापर्यंत कशा पोचतात, याचं मला दर वर्षी नवल वाटतं.

सगळी फळं मी ठेवत नाही. ड्रमातल्या झाडाला मोजकीच पेलतात. गुच्छातलं एक ठेवून बाकीची लहान असतानाच खुडतो. बुडाचे फुटवेही काढत राहतो. फळ तयार व्हायला सहाएक महिने लागतात, म्हणजे ते पावसाळ्यात हाती येतं.

यंदाचं पहिलं फळ शेजारच्या लेकीला दिलं. ती बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिच्या आईने गुटी मागितली. पाऊस आहे तोवर एका काडीला बांधून देतो, ड्रम त्यांनी आणून ठेवला आहे.