एकशे पाच जागा



आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सायंकाळी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. आम्ही दिवसभर कचेरीत फायलींत मान घालून बसणारे, नाइट कॉलेजात बी.कॉम. झालेले. इतिहासाचे पंडित नव्हे. परंतु दुसरे कोणी मिळत नाही म्हणून इतिहासही आम्हीच शिकवितो. एका रविवारी बाबासाहेबांचे कोलंबिया विद्यापीठातील दिवस सांगता सांगता आम्ही बोलून गेलो, "तिथे माणसाला माणूस म्हणून वागवीत. कोणालाही दार मोकळे होते."

नववीतली एक मुलगी उभी राहिली. "सर, कोणालाही म्हणजे सगळ्यांनाच का?"

"हो, सगळ्यांनाच," असे म्हणून आम्ही पुढे सरकलो.

घरी आलो, जेवायला बसलो, पण ते उत्तर काही पचेना. पोरीने विचारले ते खरेच, आणि आपण उत्तर दिले ते ठोकून. मग ग्रंथालयातून पुस्तके आणली, रात्री जागून वाचली. आमचे उत्तर साफ चूक होते.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला उतरले ते विद्यार्थी म्हणून. त्याच शहरात त्या वेळी चिनी लोकांची वस्ती होती. लाँड्रीत कपडे धुणारे, खाणावळी चालविणारे असे ते लोक. त्यांच्या मजूर भाईबंदांना अमेरिकेत पाऊल ठेवायला १८८२ च्या कायद्याने बंदी होती, आणि जे आधीच राहत होते त्यांना नागरिक होता येत नव्हते. पन्नास वर्षे राबा, कर भरा, मरा, पण नागरिक नाही.

हे चिनी तिथे गेले तरी कसे? अमेरिकेचा पूर्व किनारा पश्चिम किनाऱ्याला जोडणारा लोहमार्ग १८६९ मध्ये पुरा झाला. त्याच्या पश्चिमेकडच्या भागात हजारो चिनी मजुरांनी सिएरा नेवाडाचे डोंगर फोडले, बर्फात बोगदे खणले. रूळ जुळले आणि काही वर्षांत मंदी आली. मग गोऱ्या मजुरांना वाटू लागले की हे पिवळे लोक कमी मजुरीवर राबतात आणि आमची भाकरी पळवितात. मजुरी कमी देणारा मालक बाजूलाच राहिला, राग निघाला तो मजुरावर. वाईट याचे वाटते की बंदीची ओरड करण्यात कामगार संघटना पुढे होत्या. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचे दार आपल्या माणसांना बंद ठेवणारेही कामगारच होते, हे आमच्या वाडवडिलांनी सोसलेले आहे. तेव्हा हे वाचून आम्हांला नवल वाटले नाही, दुःख मात्र झाले.

पहिली बंदी दहा वर्षांची होती. १८९२ मध्ये ती वाढविली आणि चिनी मजुरांनी रहिवासाचा दाखला काढून जवळ बाळगावा असा हुकूम झाला. दाखला नसेल तर अटक आणि हद्दपारी. पुढे मुदतच काढून टाकली आणि बंदी कायमची झाली. १८८० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे १,०५,००० चिनी होते, ते १९४० मध्ये सुमारे ७७,००० उरले. बायका येऊ शकत नव्हत्या, म्हणून संसार उभे राहिले नाहीत. म्हातारे एकेकटे मेले.

सॅन फ्रान्सिस्कोजवळ एंजल आयलंड नावाचे बेट आहे. १९१० ते १९४० पर्यंत येणाऱ्या चिन्यांना तिथे कोंडून ठेवीत आणि उलटतपासणी घेत. गावातल्या तुमच्या घराला पायऱ्या किती? विहीर कोणत्या बाजूला? आळीतल्या तिसऱ्या घरात कोण राहते? बापाचे आणि मुलाचे उत्तर जुळले नाही तर परत बोटीवर. कित्येक आठवडे, कधी महिनेही लोक तिथे अडकून पडत. लाकडी भिंतींवर त्यांनी कविता कोरून ठेवल्या आहेत. जातीचा दाखला पडताळणीला गेला की आजोबांचा शाळेचा दाखला, गावचा जुना पुरावा अशी धावाधाव करणारी माणसे आमच्या टेबलापुढे रोज येतात. त्यामुळे हा भाग आम्ही दोनदा वाचला.

आपल्या देशाच्या माणसाचा एक खटलाही इथे सांगितला पाहिजे. भगतसिंग थिंड हे अमृतसरकडचे शीख गृहस्थ. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्या काळी नागरिकत्व मिळे ते गोऱ्यांना आणि १८७० नंतर आफ्रिकी वंशाच्या लोकांना. थिंड यांच्या बाजूने काय मांडले असेल? आपण उच्च जातीचे, शुद्ध आर्य रक्ताचे, म्हणून गोरेच! १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. सामान्य गोरा माणूस तुम्हांला गोरा समजत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. आम्हांला थिंड यांची कीव आली, आणि खरे सांगायचे तर थोडे हसूही आले. ज्या शिडीवर वर चढण्यासाठी त्यांनी खालच्याकडे बोट दाखविले, त्या शिडीवर त्यांनाही पायरी मिळाली नाही.

मग हा कायदा उठला कसा? मनाला पाझर फुटला म्हणून नव्हे. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि चीन अमेरिकेचा दोस्त झाला. जपानी प्रचारकांनी नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले. ज्या अमेरिकेसाठी तुम्ही रक्त सांडता, ती तुम्हांला दारात उभे करीत नाही, असे ते चिनी जनतेला सांगू लागले. ते शत्रूचे बोलणे होते, पण खोटे कुठे होते? फेब्रुवारी १९४३ मध्ये चँग कै-शेक यांच्या पत्नीने अमेरिकी संसदेपुढे भाषण केले. लेखिका पर्ल बक आणि त्यांचे पती यांनी कायदा रद्द व्हावा म्हणून नागरिकांची समिती चालविली. मोठ्या कामगार महासंघाचा विरोध तेव्हाही होताच. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी संसदेला लिहिले की ही जुनी चूक दुरुस्त करा आणि जपानचे तोंड बंद करा. दोन्ही कारणे एकाच पत्रात होती. १७ डिसेंबर १९४३ रोजी त्यांची सही झाली.

सारे बंदी-कायदे रद्द झाले. चिनी माणसाला नागरिक होण्याचा हक्क मिळाला. आणि वर्षाला प्रवेश किती जणांना? १०५! आपल्याकडे हा आकडा ऐकला की संयुक्त महाराष्ट्राचे हुतात्मे आठवतात. तिथे तो कोट्यवधींच्या देशासाठी वर्षाचा कोटा होता. त्यातही मेख अशी की इतर देशांचा कोटा जन्माच्या देशावरून, चिन्यांचा मात्र रक्तावरून. चिनी वंशाचा माणूस जगात कुठेही जन्मलेला असो, त्याची गणती याच १०५ मध्ये. आम्ही आस्थापना शाखेत बिंदुनामावली सांभाळतो. जागा कागदावर दाखवून माणूस बाहेर कसा ठेवता येतो, हे आम्हांला कोणी शिकवायला नको.

तरीही तो कायदा फोल होता असे आम्ही म्हणणार नाही. शिकागोच्या इमिग्रेशन कचेरीत एडवर्ड बिंग कान नावाचे चिनी दुभाषे होते. पस्तीस-एक वर्षे त्यांनी त्याच खात्याची चाकरी केली, आणि तेच खाते त्यांना नागरिक मानीत नव्हते. सही होताच त्यांनी अर्ज केला आणि जानेवारी १९४४ मध्ये नव्या कायद्याने नागरिक झालेले ते पहिले चिनी ठरले. त्या दिवशी ते कचेरीतून घरी कसे गेले असतील, हा विचार आमच्या मनातून अजून जात नाही.

भारतीयांसाठी तसाच कायदा १९४६ मध्ये झाला. कोटा १०० चा. वंशावर बेतलेले हे कोटे गेले ते १९६५ च्या कायद्याने. अमेरिकी संसदेच्या दोन्ही सभागृहांनी त्या जुन्या कायद्यांबद्दल खेद व्यक्त केला तो २०११ आणि २०१२ मध्ये.

पुढच्या रविवारी आम्ही वर्गात उभे राहून प्रथम सांगितले की मागच्या वेळी आमचे चुकले. मग फळ्यावर १८८२ आणि १९४३ हे दोन आकडे लिहून सारे सांगितले. मुले शांत होती. त्या मुलीने पुन्हा हात वर केला.

"सर, त्या एकशे पाचांत बायका धरल्या होत्या?"

धरल्या होत्या. नागरिक झालेल्या चिनी माणसाची चिनी बायकोसुद्धा त्या १०५ मध्येच मोजली जाई. १९४६ मध्ये वेगळा कायदा करून तिला कोट्याबाहेर काढले. या वेळी उत्तर आम्हांला ठाऊक होते. तिने वहीत १९४६ लिहिले, त्याखाली रेघ मारली आणि विचारले, "म्हणजे आणखी तीन वर्षे थांबली ती?"