पाहुणे आईबाबा

पूर्वी मुलगा मिळवता झाला आणि चार पैसे गाठीला जमले, की तो आईवडिलांना काशीला नेऊन आणत असे. मुलीच्या वाट्याला हे पुण्य क्वचितच येई. तिने फार तर आंब्यांच्या दिवसांत माहेरी एक पेटी पाठवावी. आता मुलीही परदेशात बिऱ्हाड थाटतात आणि आईवडिलांना विमानाची तिकिटे धाडतात. यात्रा तीच, फक्त वाट निराळी. शेजारीपाजारी निरोप द्यायला येतात, सामानात लाडवांचा डबा असतो, आणि परत आल्यावर महिनाभर तरी घरात दुसरा विषय निघत नाही.

माझे आईबाबा गेल्या डिसेंबरात मेलबर्नला आले. बाबा रेल्वेच्या परळच्या कारखान्यातून चार्जमन म्हणून निवृत्त झाले आणि डोंबिवलीला राहायला गेले. आईचा प्रवास तोवर माहेर कणकवली, सासर परळ आणि एकदा पंढरपूर, एवढाच. आम्ही दोघे नवराबायको सहा वर्षांपासून इथे आहोत, शहराच्या आग्नेयेला ओकली नावाच्या उपनगरात. आईबाबांना काय काय दाखवायचे, याचे वेळापत्रक मी दोन महिने आधीच फ्रिजच्या दारावर लावले होते. परक्या मुलखात ज्यांनी नव्याने संसार मांडला असेल, त्यांना या वेळापत्रकाचे महत्त्व सांगायला नको. त्यात 'पाहा, हा देश किती देखणा आहे' एवढेच नसते. 'पाहा, तुमच्या मुलीचे इथे बरे चालले आहे', हेही असते.

विमानतळावर पहिली परीक्षा झाली ती आईची. झाडापानांच्या आणि खाण्यापिण्याच्या बाबतीत ऑस्ट्रेलिया हा मोठा सोवळा देश आहे. बाहेरची कीड आणि रोग आत येऊ नयेत म्हणून येणाऱ्या प्रत्येकाने सामानात काय काय आहे ते लिहून द्यायचे असते, आणि लपवले तर जबर दंड. आईने सगळे खरे लिहून दिले. म्हणजे तिने सांगितले आणि बाबांनी लिहिले. भाजणी सुटली, गोडा मसाला सुटला, मेतकूटही बिचारे सुटले. कढीपत्ता मात्र अडकला, आणि त्याच्याबरोबर कागदाच्या पुडीत बांधून आणलेल्या तुळशीच्या मंजिऱ्याही. सहा वर्षांनी भेटलेल्या मुलीला मिठी मारून झाल्यावर आईचे पहिले वाक्य होते, "तुळशीनं कुणाचं काय वाईट केलंय गं?"

पहिला मोठा प्रवास ग्रेट ओशन रोडचा. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळी-फावड्यांनी डोंगर फोडून, समुद्राच्या कडेकडेने हा रस्ता बांधला. युद्धात पडलेल्या आपल्या सोबत्यांचे स्मारक म्हणून. बाबांनी एके ठिकाणी गाडी थांबवायला लावली आणि कडेचा कातळ हाताने चाचपून पाहिला. पुढे 'ट्वेल्व्ह अपॉसल्स', म्हणजे बारा प्रेषित, या नावाचे चुनखडीचे उंच सुळके समुद्रात उभे आहेत. जगभरची माणसे तिथे छायाचित्रे काढत होती. आईने कठड्याशी उभे राहून बोटाने मोजले.

"सातच दिसताहेत."

मी सांगितले, की बारा कधीच नव्हते, नऊ होते, त्यांतला एक २००५ साली कोसळला.

"मग बारा कशाला म्हणायचं?"

"कानाला बरं वाटतं म्हणून."

"सातला काय झालं? सप्तर्षी नाहीत का?" असे म्हणून तिने तो विषय संपवला. परतीच्या वाटेवर बराच वेळ ती गप्प होती. मला वाटले, समुद्र पाहून भारावली असेल. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "जावई कामासाठी परगावी गेलेत आणि तुला रात्री ताप भरला, तर कोण येतं गं तुझ्याकडे?"

फ्रिजच्या दारावरचे वेळापत्रक माझे होते. आईचे निराळे होते, आणि ते ती कुठे लावीत नव्हती. दूध कुठून आणता, डॉक्टर नावाने ओळखतो का, घराची दुसरी किल्ली कोणाकडे असते, रात्री स्टेशनवरून चालत येताना रस्त्यावर माणसे असतात का, हे तिला पाहायचे होते. फिलिप बेटावर अंधार पडला की चिमुकले पेंग्विन समुद्रातून बाहेर येऊन ओळीने आपापल्या बिळांकडे निघतात. लांबलांबून लोक ते पाहायला येतात. आई म्हणाली, "बिचारी! कामावरून दमून आलेली दिसतात," आणि माझ्याकडे पाहिले.

बाबांचे तसे नव्हते. त्यांना ट्रॅममध्ये बसवले की ते दिवसभर खूष. शहराच्या मध्यभागी ट्रॅमला तिकीट लागत नाही हे कळल्यावर तर विचारायलाच नको. मुंबईची ट्रॅम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. खिडकीशी बसून ते मला पोयबावडीपासून बोरीबंदरापर्यंतची वाट सांगत आणि बाहेर मेलबर्न निघून जाई. पण त्यांना खरे पाहायचे होते ते एकच, आणि ते त्यांनी डोंबिवलीतच ठरवले होते: मेलबर्न क्रिकेट ग्राउंडचे एक फाटक.

गोष्ट फेब्रुवारी १९८१ ची. मेलबर्नला खेळ सुरू होई तेव्हा मुंबईत अजून उजाडायचे असे. कारखान्याचा भोंगा होण्यापूर्वी चाळीतल्या एका खोलीत ट्रान्झिस्टरभोवती दहाबारा जण बसलेले असत. ऑस्ट्रेलियाला जिंकायला १४३ धावा हव्या होत्या आणि सगळा संघ ८३ धावांत गारद झाला. मांडीच्या दुखापतीने बेजार झालेल्या कपिलदेवने २८ धावांत पाच बळी घेतले. पण आदल्या दिवशी हा सामना हातचा जायची वेळ आली होती. पायचीत दिल्यामुळे संतापलेला गावसकर चेतन चौहानलाही बरोबर घेऊन मैदानाबाहेर निघाला. सीमारेषेपाशी व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी आडवे आले, त्यांनी चौहानला परत पाठवले, आणि सामना वाचला. बाबांना ते फाटक पाहायचे होते.

मैदान दाखवणारे गृहस्थ बाबांच्याच वयाचे होते. ते म्हणाले, त्या वेळचा पॅव्हेलियन पाडला. त्या बाजूचे सगळे बांधकाम २००६ पर्यंत नव्याने झाले.

"आणि खेळपट्टी?" बाबांनी आपल्या कारखान्यातल्या इंग्रजीत विचारले.

खेळपट्टी तर आता बाहेर तयार करतात आणि उन्हाळा आला की उचलून आणून इथे बसवतात, कारण हिवाळ्यात मैदानावर फुटबॉल असतो.

"म्हणजे तेव्हाचं काहीच राहिलं नाही म्हणायचं!"

ते गृहस्थ जरा थांबले. मग समोरच्या बाजूला बोट दाखवून म्हणाले, "त्या दिवशी मी तिथे बसलो होतो."

पुढचा अर्धा तास बाकीच्या पाहुण्यांनी काय केले मला ठाऊक नाही. हे दोघे पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्यांवर बसून भांडत होते. चेंडू आधी पॅडला लागला असे त्यांचे म्हणणे, आधी बॅटला लागला असे बाबांचे. चाळीस वर्षांपूर्वीचा वाद त्यांनी अजिबात मिटू दिला नाही. निघताना दोघांनी हात हातात घेतले ते सोडवेनात. घरी येऊन बाबा आईला म्हणाले, "फार छान आहे स्टेडियम." वास्तविक त्यांनी स्टेडियम पाहिलेच नव्हते.

आईचे मेलबर्न मात्र आमच्या कुंपणापलीकडे निघाले. शेजारी एक ग्रीक आजीबाई राहतात, वय ऐंशीच्या पुढे. साठच्या दशकात नवी नवरी म्हणून जहाजाने इथे आल्या. आमच्या ओकलीत ग्रीकांची वस्ती मोठी. माझी त्यांच्याशी ओळख होती, पण ती कुंपणावरून लिंबे घेण्यादेण्यापुरतीच. आई एका सकाळी त्यांच्या दाराशी उभी राहून हात जोडताना दिसली. आजीबाईंच्या पायरीवर कुंडीत तुळस होती! अगदी आपली नव्हे, बारीक पानांची, पण वास त्याच कुळातला. ग्रीकांच्याही दारात ती असते. सहा जानेवारीला त्यांच्या देवळात पाण्याला आशीर्वाद देतात, तेव्हा पाद्री तुळशीच्या जुडीने ते पाणी लोकांवर शिंपडतो. त्या दिवशी आजीबाई बाटलीभर पाणी आणि एक डहाळी घेऊन आमच्याकडे आल्या. आईने उजव्या तळहाताची पळी करून ते पाणी घेतले, डोळ्यांना लावले आणि म्हणाली, "तीर्थ." आजीबाईही म्हणाल्या, "तीर्थ." दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण त्यानंतर दुपारी माझी आई घरात सापडेनाशी झाली.

एकदा मी तिला बोलवायला गेले तर आजीबाई तिला घर दाखवत होत्या. बैठकीची खोली नव्हे, सगळे घर. कपाटे उघडून चादरींच्या घड्या, फडताळातल्या बरण्या, मुलांच्या लग्नाच्या तसबिरी, मागच्या अंगणातले ऑलिव्हचे झाड. आई प्रत्येक गोष्टीला मान डोलावून "छान, छान" म्हणत होती. मला पाहून आजीबाई इंग्रजीत म्हणाल्या, "माझ्या आईने माझे हे घर पाहिले नाही. तेव्हा कोण येणार एवढ्या लांब? पत्रे यायची. मग ती यायची थांबली." मी ते आईला मराठीत सांगितले. आई उठली आणि राहून गेलेली न्हाणीघराशेजारची खोलीही पाहून आली.

त्याच संध्याकाळी तिने आमच्या घराची दुसरी किल्ली मागून घेतली आणि आजीबाईंच्या हवाली केली. मला विचारले नाही, कळवले. त्यानंतर तापाचा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

राहता राहिला एक विषय, ज्याला आम्ही चौघेही हात लावीत नव्हतो. टेबलावर नागरिकत्वाच्या परीक्षेची पुस्तिका पडलेली असे. आम्ही दोघांनी अर्ज केला होता. आपला १९५५ चा कायदा स्पष्ट आहे: दुसऱ्या देशाचे नागरिकत्व आपखुशीने घेतले की भारताचे संपते. आई ती पुस्तिका उचलून टेबल पुसायची आणि पुन्हा होती तिथे ठेवायची.

सव्वीस जानेवारीला बाबांनी सकाळी दिल्लीचे संचलन दिसेल म्हणून दूरदर्शन संच लावला. दिल्लीत अजून पहाटही झाली नव्हती. इथे मात्र इथल्या दिनाचे कार्यक्रम चालू होते. १७८८ साली इंग्रजांनी इथे आपला झेंडा रोवला तो हाच दिवस, आणि म्हणूनच इथल्या मूळ रहिवाशांच्या दृष्टीने शोकाचा. पडद्यावर एका सभागृहात तऱ्हेतऱ्हेच्या वेषांतली माणसे नागरिकत्वाची शपथ घेत होती. त्यांत एक नऊवारी साडीही होती. बाबांनी ते शेवटपर्यंत पाहिले. मग पुस्तिका उचलली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "वीस प्रश्न असतात ना? बस समोर."

चौथीच्या स्कॉलरशिपला त्यांनी मला असेच बसवले होते. एक जानेवारी १९०१ ला काय झाले? वसाहतींचे मिळून एक राष्ट्र झाले. पंचवीस एप्रिलला कोणाचे स्मरण करतात? मूळ रहिवाशांच्या झेंड्याचे रंग कोणते? काळा, तांबडा, पिवळा. वीसांपैकी पंधरा बरोबर यावे लागतात, पण मूल्यांवरच्या पाच प्रश्नांत एकही चुकून चालत नाही. बाबा त्या पाचांवर फार जोर देत. ट्रॅमच्या थांब्यावर, भाजी निवडताना, कुठेही त्यांचा प्रश्न येई. इथे मत देणे सक्तीचे आहे आणि न देणाऱ्याला दंड होतो, हे वाचून ते प्रसन्न झाले. डोंबिवलीत प्रत्येक निवडणुकीपूर्वी मतदारयादीत घरातल्या सगळ्यांची नावे आहेत की नाहीत, हे ते स्वतः जाऊन तपासून येतात. मी सहा वर्षे तिथे नाही, तरी माझे नावही तपासतात.

"मग तुझं नाव यादीत ठेवता येणार नाही," ते पुस्तिकेत पाहत म्हणाले.

"नाही."

"असं राहिलेलं नाव बरं नसतं. भलताच कोणीतरी मत देऊन जातो."

आई आत भाजणीचे थालीपीठ थापत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला.

फेब्रुवारीअखेर ते गेले. आईच्या सामानात आजीबाईंच्या झाडाचे खारवलेले ऑलिव्ह होते. ते डोंबिवलीत कोणालाही आवडले नाहीत असे नंतर कळले. मार्चमध्ये मी परीक्षा दिली. "किती?" बाबांनी फोनवर विचारले. "वीसपैकी वीस." "मूल्यांचे पाचही?" "पाचही." त्यांनी ते आईला मोठ्याने सांगितले. जूनमध्ये शपथविधी झाला. मी त्यांना सांगितले, की परदेशस्थ भारतीयाचे कार्ड काढता येते, ते आयुष्यभर चालते, घरी यायला व्हिसा लागणार नाही. "म्हणजे येता येईल, मत देता येणार नाही," ते म्हणाले. तसेच आहे ते.

पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला. पाऊस कसा पडतो आहे, गाड्या किती उशिरा धावताहेत, हे सगळे सांगून झाल्यावर म्हणाले, "नाव कमी करण्याचा फॉर्म देऊन आलो. त्यात कारण विचारतात. 'भारतीय नागरिक नाही' असाही एक पर्याय आहे आणि 'कायमचे स्थलांतर' असाही. मी स्थलांतरावर खूण केली. थांब, आईला देतो."