हॉलंडचा किराणा बाजार

परदेशी जाऊन आलेला माणूस पवनचक्क्या, संग्रहालये आणि फुलांचे ताटवे यांचे वर्णन करतो. मी आपल्याला किराणा दुकानांविषयी सांगणार आहे. २०२५ च्या फेब्रुवारीअखेरीस मी आणि आमच्या सौ. पाच आठवड्यांसाठी हॉलंडला थोरल्या मुलीकडे गेलो. (मार्चअखेरीच्या तोंडावर मला रजा मिळाली, हेच मोठे नवल.) मुलगी आणि जावई दोघेही नोकरीला, नात दीड वर्षाची. तेव्हा बाजारहाट आम्हा दोघांकडे आला, आणि पाच आठवड्यांत जेवढी दुकाने पायाखाली घातली तेवढी इथे पाच वर्षांत घातली नसतील. द्राक्षाच्या तालुक्यात उभी नोकरी काढलेल्या माणसाला शेतमालाचे दुकान दिसले की आत शिरल्यावाचून राहवत नाही, हेही खरे.

मुलीचे घर आम्स्टलफेनला आहे. ॲम्स्टरडॅमला लागून असलेले हे गाव. इथे आपले भारतीय लोक इतके आहेत की कणीक, पोहे, कढीपत्ता यांसाठी निराळी दुकाने आहेत. पण दूध, भाजी, फळे, पाव यांसाठी डच लोकांच्या सुपरमार्केटातच जावे लागते. सुपरमार्केट म्हणजे मोठे थोरले दुकान. दुकानदार काही देत नाही. आपणच ढकलगाडी घ्यायची, मांडणीवरून हवे ते उचलायचे आणि जाताना गल्ल्यावर पैसे द्यायचे.

पहिल्याच सकाळी सौ.नी मला दूध आणायला पाठवले. कोपऱ्यावरच्या दुकानात दुधाची भिंतच होती. मी गाईचे चित्र पाहून एक खोका उचलला. चहा उकळला, दूध घातले आणि सगळा चहा फाटला. मुलगी उठून आली, खोका पाहिला आणि हसत सुटली. "बाबा, हे ताक आहे!" त्यावर 'कार्नेमेल्क' लिहिले होते. डच लोक दुपारच्या पावाबरोबर ताक पितात, हे मला त्या दिवशी कळले. नवीन माणूस हमखास इथे फसतो म्हणे. दुधाचे तीन प्रकार ध्यानात ठेवायचे: 'फोल' म्हणजे साईसकट, 'हाल्फफोल' म्हणजे निम्मी साय काढलेले आणि 'मागर' म्हणजे साय काढलेले. त्यांपैकी पुष्कळसे दूध फ्रीसलँड कॅम्पिना या संस्थेचे असते. २००८ साली दोन मोठ्या दूधसंस्था एकत्र येऊन ती झाली आणि तिचे मालक दूध घालणारे शेतकरीच आहेत. आपल्या गोकुळ-वारणेच्या सभासदांना हे ऐकून बरे वाटेल.

आता दुकानांविषयी. सर्वांत मोठे नाव आल्बर्ट हाइन. १८८७ साली ओस्टझान नावाच्या खेड्यात या नावाच्या तरुणाने बापाचे किराणा दुकान चालवायला घेतले, त्याचा हा वटवृक्ष. प्रत्येक गावात, रेल्वे स्टेशनात, जिकडे पाहावे तिकडे त्याची निळी पाटी. माल उत्तम, मांडणी देखणी. पण नावाजलेल्या छापाचा माल घेतला तर भाव चढा. त्यावर उतारा म्हणजे त्यांचे 'बोनस' कार्ड. या आठवड्यात कॉफी एकावर एक, पुढच्या आठवड्यात साबण. कार्ड नसेल तर तोच माल पूर्ण भावाने. डच गृहिणी आठवड्याचे पत्रक वाचून मगच घराबाहेर पडते.

दुसरे जम्बो, पिवळ्या पाटीचे. ब्राबांट प्रांतातल्या फेखेल गावच्या एका कुटुंबाचा हा धंदा. इथे मला सर्वांत आवडली ती एक गोष्ट. काही दुकानांत एक गल्ला 'गप्पांचा गल्ला' म्हणून वेगळा ठेवलेला असतो. २०१९ साली त्याची सुरुवात झाली. एकटी राहणारी म्हातारी माणसे या रांगेत येतात, गल्ल्यावरच्या मुलीशी हवापाण्याच्या चार गोष्टी बोलतात, आणि मागचा माणूस घाई करत नाही. घाई असणाऱ्याने दुसऱ्या रांगेत जावे. सौ. म्हणाल्या, "आपल्याकडं किराणावाल्याशी बोलायला रांग लावावी लागत नाही." खरे आहे. पण बोलायला माणूस नसणे हेही दुखणेच आहे, आणि दुकानदाराने ते ओळखले एवढे कौतुक करायला हवे.

लीडल आणि आल्दी ही दोन जर्मन दुकाने. इथे थाट नाही. माल ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आला, त्याच खोक्यात मांडलेला; दहा प्रकारच्या लोणच्यांऐवजी दोन. दिर्क नावाचे दुकानही स्वस्ताईत पुढे आहे. तिथल्या ग्राहक संघाच्या भावांच्या पाहणीत त्याचे नाव स्वस्त दुकानांत वरचेवर येते. आणि प्लुस हे छोट्या दुकानदारांनी एकत्र येऊन केलेले सहकारी. त्यातला प्रत्येक दुकानदार आपल्या दुकानाचा धनी.

सौ.नी एक वही घातली आणि तेच सामान चार दुकानांत पाहिले. निकाल असा लागला की दूध, साखर, मीठ, मैदा अशा रोजच्या वस्तू दुकानाच्या स्वतःच्या छापाच्या घेतल्या तर भाव बहुतेक ठिकाणी सेंटाला सेंट सारखे. एकाने उतरवला की दुसरा उतरवतो. फरक पडतो तो कॉफी, साबण, बिस्किटे यांसारख्या नामांकित मालात. म्हणून नव्याने गेलेल्याला माझा सल्ला असा की रोजचे सामान जवळच्या दुकानातून घ्या, पायपीट वाचेल. नामांकित माल मात्र पत्रकात उतरेल त्या आठवड्यातच घ्या. मांडणीवर वस्तूच्या भावाखाली बारीक अक्षरात किलोचा भाव लिहिलेला असतो, तो वाचायची सवय लावा. मोठा खोका नेहमीच स्वस्त पडतो असे नाही. पिशवी घरून न्यायची, कारण २०१६ पासून तिथे फुकट प्लॅस्टिक पिशवी द्यायला कायद्याने बंदी आहे. रिकामी बाटली किंवा पत्र्याचा डबा दुकानातल्या यंत्रात टाकला की ठेवीचे पैसे परत मिळतात, लहान बाटलीला १५ सेंट, मोठीला २५. आमच्या सौ. या बाबतीत इतक्या कडक झाल्या की जावईबापू बाटली फेकायला धजेनात.

भाजीकडे गेलो की माझा पाय निघत नसे. बटाटा पाहा. आपण बटाटा तळेगावचा की इंदूरचा ते विचारतो. तिथे पिशवीवर लिहिलेले असते 'फास्टकोकंड', म्हणजे शिजूनही घट्ट राहणारा, किंवा 'क्रॉइमिख', म्हणजे शिजल्यावर पिठूळ होणारा. रस्सा करायचा की कुस्करायचा, त्यावर बाईने निवड करावी. शेतकऱ्याने वाण लावतानाच हे ठरवलेले असते. कांदा पिवळा, जाळीच्या पिशवीत, एकसारख्या आकाराचा. हा देश पिकवलेला बहुतेक कांदा परदेशी पाठवतो, पण आमच्या सौ.ना तो काही रुचला नाही. "डोळ्याला पाणी नाही, तो कसला कांदा?" कोथिंबिरीची गोष्ट तर सांगायलाच नको. प्लॅस्टिकच्या पाकिटात मोजून पंधरा-वीस काड्या आणि भाव एक युरोच्या वर. युरो तेव्हा ९३ रुपयांच्या आसपास होता. आपल्याकडे भाजीवर फुकट मागून घेतो ती हीच, हे आठवून सौ. पाकीट हातात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि परत ठेवून आल्या.

एवढा वेळ मी ग्राहकाच्या बाजूने बोललो. आता वाचकहो, आपल्या बाजूने पाहू.

ज्या १८८७ साली आल्बर्ट हाइनचे दुकान निघाले, त्याच साली ब्रूक ऑप लांगेडाइक या गावी भाजीचा पहिला लिलाव झाला. तिथली पद्धत आपल्या उलट. आपल्याकडे बोली चढत जाते. तिथे भाव वरून सुरू होऊन उतरत येतो, आणि जो व्यापारी पहिला थांबवेल त्याचा माल. पुढे त्यासाठी घड्याळासारखी मोठी तबकडी आली. शेतकरी कोबी-फ्लॉवर होडीत भरून लिलावात आणत. ती जागा आता संग्रहालय आहे. फुलांचा लिलाव आम्स्टलफेनजवळ आल्समेरला अजून जोरात चालतो. पण भाजीच्या लिलावांचे दिवस सरले. १९९६ साली नऊ लिलाव संस्था एकत्र होऊन एकच विक्री कंपनी झाली, कारण घेणारे मोठे आणि मोजकेच उरले होते. ग्राहकाला दुकाने पुष्कळ दिसतात. पिकवणाऱ्याला दारे चार-पाचच. छोट्या साखळ्यांनीही १९५६ पासून सुपरयुनी नावाची एकत्र खरेदी संस्था काढली आहे. म्हणजे त्या पाट्या निरनिराळ्या दिसल्या तरी मागे खरेदीचे टेबल एकच.

आणि प्रत्येक टेबलावर अटींची यादी वेगळी. कीडनाशकाचा अंश मालात किती चालेल, त्याची मर्यादा युरोपचा कायदा ठरवतो. दुकाने त्याच्याही पुढे जातात. लीडलचे उदाहरण घ्या. कायद्याने जेवढा अंश चालतो, त्याच्या एक तृतीयांशावर माल गेला तर त्यांना चालत नाही. शिवाय एका मालात किती निरनिराळी औषधे सापडावीत यालाही मर्यादा. ज्या दुकानाला आम्ही स्वस्त आणि साधे म्हणत होतो, ते पिकवणाऱ्याशी असे कडक.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच लीडलमध्ये मला द्राक्षांचे डबे दिसले. पांढरी बिनबियांची, अर्धा किलो, दोन युरो ४९ सेंट. मी डबा उलटा केला. 'इंडिया'. खाली बारीक अक्षरात आकडे.

मी तिथे किती वेळ उभा होतो ते सौ.ना विचारा. मला २०१० साल आठवले.

आपल्यापैकी जुन्या बागायतदारांना ते साल सांगायला नको. खरड छाटणीनंतर शेंडा आवरावा, काडीत घड चांगला धरावा म्हणून आपण सीसीसी मारत होतो. सगळेच मारत होते आणि मीही मीटिंगमध्ये सांगत होतो. युरोपात त्याची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम इतकी बारीक होती, आणि ते काडीत राहून पुढे मण्यात उतरते हे आमच्या ध्यानात आले नव्हते. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते औषधच नव्हते. माल तिकडच्या बंदरात पोचल्यावर ते सापडले आणि कंटेनर अडकले. माझ्या भागातल्या एका बागायतदाराचा माल त्यात होता. पैसे आले नाहीतच, वर खर्चाचे बिल आले. तो मला एवढेच म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही सांगितलं म्हणून मारलं." ओरडला असता तर बरे झाले असते. पुढची दोन वर्षे मी त्याच्या बांधावरून गाडी न थांबवता नेली. तिसऱ्या वर्षी त्यानेच हाक मारली आणि औषधांची नवी यादी मागितली. तेव्हापासून छाटणीच्या आधी मी पहिली यादी त्याला नेऊन देतो, आणि यादीत नसलेले औषध विचारले तर "माहीत नाही" म्हणायला शिकलो आहे.

त्या डब्याचा फोटो काढून मी त्याला पाठवला. त्याची स्वतःची तोडणी नुकतीच संपली होती. दहा मिनिटांत त्याचा फोन आला.

"काय भाव लावलाय?"

मी हिशेब करून सांगितला. किलोला साडेचारशेच्या वर. त्याला बांधावर ९५ मिळाले होते. मधे पॅकहाउस, शीतगृह, जहाज, आयातदार, तिकडचा ९ टक्के कर, दुकान हे सगळे आहे हे तो माझ्यापेक्षा चांगले जाणतो. त्यातून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या डिसेंबरपासून बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात होती. मालाचे दहा-बारा दिवस जास्त समुद्रावर जात. तो काही बोलला नाही. मला वाटले भाव ऐकून चिडला असेल.

मग त्याने विचारले, "देठ हिरवे आहेत का?"

मी डबा विकत घेतला, गल्ल्याबाहेर येऊन उघडला आणि फोन कानाला धरूनच एकेक घड उचलून पाहिला. दोन घडांचे देठ हिरवे होते. तिसऱ्याचा टोकाला तपकिरी होऊ लागला होता. मी त्याला तसे सांगितले.