शनिवारवाड्याशेजारी घर बांधायचं तर...

खाली दुकान, वर घर ही रचना पुण्याच्या पेठांना नवी नाही. म्हणून मी सातवीच्या मुलांना सांगितलं, शनिवारवाड्याशेजारी अशी नवी वसाहत आखा. पटापट उंच इमारती निघाल्या! मग फळ्यावर नियम लिहिला : संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरांत परवानगी हवी. जुन्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. इमारती खोडल्या गेल्या. तेवढ्यात एकीने विचारलं, "बाई, मग पडक्या वाड्यातल्या आजींनी राहायचं कुठे?"

मला वाटतं, आराखड्यात आधी जुने भाडेकरू आणि दुकानदार मांडावेत, मजले नंतर मोजावेत. १७३२चा वाडा जपताना शेजारची माणसंही टिकायला हवीत. पालकहो, घरी मुलांना हा प्रश्न जरूर विचारून बघा.