पायवाटेचं जंगल

नागपूर-हैदराबाद महामार्गावर पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्या बदलतात, माणसं मात्र लगेच बदलत नाहीत. आदिलाबादच्या टपरीवर चहात साखर किती घालायची, हे मराठीतच विचारलं जातं. १९५६पर्यंत किनवट आणि राजुराही याच जिल्ह्यात होते. राज्यांची रेघ कागदावर ओढली गेली; सागाच्या डोंगरांना तिचा पत्ता नाही.

आम्ही दोघंही निवृत्त, आणि गुडघे आमच्याही आधी. म्हणून डिसेंबर निवडला. कुंतालाच्या धबधब्यात कडेम नदी सुमारे ४५ मीटर खाली झेपावते. पावसाळ्यात तिथे जत्रा भरते; थंडीत पाणी कमी, माणसं त्याहून कमी. पायऱ्या उतरण्याऐवजी आम्ही शेजारच्या टेकडीची वाट धरली. सोबत एक गोंड तरुण. घरी गोंडी, शाळेत तेलुगू आणि आमच्याशी मराठी. तेही ‘काका, दमानं’ इतकंच, पण वेळेवर.

उकरलेल्या वारुळापाशी तो थांबला. माती अजून ओलसर होती. ‘रात्री अस्वल होतं.’ पुढे बोरांच्या बियांनी भरलेली विष्ठा. हिनं चष्मा नाकावर ओढला आणि काठीनं ती उलटीपालटी केली, पूर्वी वर्गातल्या वह्या तपासायची तशी. ‘अहो, पोट भरलेलं दिसतंय त्याचं.’ शेरा चांगला होता. धावड्यांच्या मागे एक काळपट रोही बराच वेळ आमच्याकडे बघत उभा राहिला. मग दरीतून वानरांचा इशारा आला. तिघेही गप्प झालो. बिबट्या असेल, वाघ असेल. दिसलं काहीच नाही, आणि तरी चढणीवरचा सगळ्यात भरलेला वेळ तोच.

इथला वाघ बहुतेक वाटसरू असतो. इथल्या कवाल अभयारण्याला २०१२मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, पण वाघ येतात ते ताडोबाकडून आणि तिपेश्वर अभयारण्याकडून. २०१९मध्ये तिपेश्वरचा एक तरणा वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला तो आदिलाबादमधून फिरत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटरहून जास्त चाल. २०२४मध्ये किनवटकडचा ‘जॉनी’ जोडीदारीण शोधत याच डोंगरांत भटकला, महामार्गही ओलांडून गेला. या जंगलाचा जीव अशा वाटांमध्ये आहे. आपण मात्र जंगल वाघ मोजून जोखतो.

या डोंगरांत आणखी एक जोडपं खूप चाललं होतं. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ आणि बेटी. १९४०च्या दशकात ते मारलवाई या गोंड गावात राहिले. निवृत्तीनंतरही परत आले. १९८७मध्ये बेटी गेली, तिची समाधी मारलवाईतच आहे. लंडनमध्ये घर असताना ही जागा का, असं हिनं मला टेकडीवर विचारलं. समोर निळसर डोंगरांच्या रांगा होत्या. मला उत्तर द्यावं लागलं नाही.

वाघाचा फोटोच हवा असेल तर ताडोबाला जा, तिथे निदान आशेला जागा आहे. इकडे यायचं तर थंडीत या, स्थानिक वाटाड्या घ्या, त्याला रास्त पैसे द्या. आणि कुंतालाच्या पायथ्याच्या डोहात उतरू नका. तिथे माणसं बुडाली आहेत.