करार आणि तारण

एम.ए.च्या वर्गात ‘ख्रिस्तपुराण’ शिकवण्याचा योग मला दरवर्षी येतो. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशुसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. ‘पैल्या’ पुराणात जुना करार, ‘दुसऱ्या’त नवा. ओवीची घडण, मराठीची थोरवी, पुराणपरंपरेशी असलेले नाते या ठरलेल्या मुद्द्यांवर मी बोलत असतो. गेल्या वर्षी मात्र वसईकडच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, एका बाजूने मोडला की करार संपतो ना? मग हा का संपला नाही?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ‘करार’ हा मराठीत कचेरीचा शब्द, आणि ‘तारण’ हा पतपेढीचा. कर्ज हवे तर काहीतरी तारण ठेवायचे. हे दोन्ही शब्द मी तोवर त्याच हिशेबी अर्थाने वाचत आलो होतो.

मूळ हिब्रू शब्द ‘बरीथ’. त्या भाषेत करार ‘कापतात’. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात त्याचे चित्र आहे. प्राणी दुभागून समोरासमोर मांडायचे आणि मधल्या वाटेने चालायचे. वचन मोडले तर माझीही हीच गत होवो, असा त्या चालण्याचा अर्थ. अब्राहाम तयारी करतो, पण सूर्यास्ताला त्याला गाढ झोप लागते. काळोख पडल्यावर धुमसती भट्टी आणि पेटती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. अब्राहाम त्या वाटेने चालत नाही. जोखीम एकटा देव पत्करतो.

कॅथलिक परंपरा पुढचा सारा इतिहास याच प्रकाशात वाचते. नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद अशी करारांची मालिका. लोक वचन मोडतात, संदेष्टे कठोर बोलतात, देव मात्र माघार घेत नाही. यिर्मया हृदयावर लिहिल्या जाणाऱ्या नव्या कराराची आशा देतो. तो येशूच्या रक्ताने पूर्ण झाला, ही श्रद्धा प्रत्येक मिस्सेत पेला उचलताना उच्चारली जाते. म्हणजे येथे ऋणकोकडे ठेवायला काहीच नाही. धनकोच स्वतः तारण होतो! मात्र माणूस येथे निव्वळ प्रेक्षकही नव्हे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये स्पष्ट केले की कृपा आधी येते, ती कमावता येत नाही. पण तिला मोकळेपणाने होकार द्यावा लागतो आणि तो होकार प्रेमाच्या कृतीतून जगावा लागतो.

मी ख्रिस्ती नाही. हे सारे मी अभ्यासक म्हणून वाचत होतो, असे म्हणालो तर मात्र ते पूर्ण खरे होणार नाही. वडील गेल्यावर मी आणि धाकट्या भावाने वाटणीपत्र केले. मुद्रांक, साक्षीदार, नोंदणी, सारे यथासांग. त्यानंतर तीन वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. कागदाप्रमाणे कोणीही काही मोडले नव्हते. बरीथने परके आप्त होतात. आमच्या कागदाने आप्त परके झाले होते.

त्या विद्यार्थिनीला पुढच्या तासाला मी अब्राहामाची झोप समजावून सांगितली. ती म्हणाली, “म्हणजे सर, जो आधी चालतो त्याचा तो करार.” मी फळा पुसत राहिलो.

मे महिन्यात गावी गेलो. शेताचे दोन तुकडे, मध्ये नवा बांध. संध्याकाळी त्या बांधावरून चालत भावाच्या दारात गेलो. त्याने आधी ओळख दाखवली नाही. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. फार बोलणे झाले नाही. निघताना तो बांधापर्यंत सोबत आला.