दुधाळ डोळे
अंकुशनगरच्या घरी, हौदामागे धामण पडली होती. डोळे दुधाळ निळे. आई म्हणाली, "मोतीबिंदू झालाय वाटतं." मी चिमटा शोधायला धावलो, बग दिसला की लगेच हात घालायची सवय.

सर्पमित्राने फोनवरच दटावलं, "हात लावू नको!" सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, तो कातीसोबतच निघतो. त्याआधी डोळे असेच धूसर होतात. हवा फार कोरडी असली तर खवला अडकतो. तेव्हाही ओलावा द्यायचा, ओढायचं नाही. ओढला तर डोळाच जायचा. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार धामण घरात ठेवताही येत नाही.

मी लांबूनच विटांवर पाणी शिंपडत राहिलो.

आठवड्याने ती उसात निघून गेली होती. मागे अख्खी कात, त्यात दोन्ही डोळ्यांच्या गोल काचा शाबूत. चिमटा लगेच सापडला असता तर, या विचाराने अजून काटा येतो.